कसाबला वकील कशाला दिला होता? फाशीच्या खटल्यात आरोपीला कोणते हक्क असतात, समजून घ्या

एखाद्या भीषण गुन्ह्याची बातमी येते आणि तासाभरात पोस्टखाली कमेंट्सचा पाऊस सुरू होतो. "खटला कशाला? चौकात लटकवा." "आमच्या टॅक्सच्या पैशातून याला वकील?" राग समजण्यासारखा असतो. २६/११ नंतर अजमल कसाबच्या बाबतीतही अख्ख्या देशाने हाच प्रश्न विचारला होता. तो जिवंत पकडला गेला होता, हातात बंदूक घेतलेला त्याचा फोटो जगाने पाहिला होता. वकिलांनीही त्याचं वकीलपत्र घ्यायला नकार दिला होता. तरीही न्यायालयाने त्याला सरकारी खर्चाने वकील दिला. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आली.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. पण याच खटल्यात कसाबच्या शेजारी आणखी दोन आरोपी उभे होते. दोघेही भारतीय. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे काढून अतिरेक्यांपर्यंत पोहोचवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यातला एक नकाशा मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. न्यायालयाने विचारलं, पँट रक्ताने माखलेली असताना खिशातला कागद इतका स्वच्छ कसा? पुरावा टिकला नाही. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी ते दोघे निर्दोष ठरले.

एकाच खटल्याने एकाला फासापर्यंत नेलं आणि दोघांना सोडलं. 'निष्पक्ष सुनावणीचा हक्क' म्हणतात तो हाच. गुन्हेगारावर दया दाखवणं हा त्याचा हेतू नाही. समोर उभा असलेला माणूस खरोखर गुन्हेगार आहे का, हे शोधायची दुसरी पद्धत आपल्याकडे नाही.

हा हक्क येतो कुठून?

संविधानाच्या कलम २१ मधून. कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेशिवाय कोणत्याही व्यक्तीचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, असं हे कलम सांगतं. इथे शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. म्हणून कसाब पाकिस्तानी असूनही त्याला हा हक्क होता. ही प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केलं. कलम २२ नुसार अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. कलम २०(३) नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. आणि कलम ३९-अ नुसार गरिबाला मोफत कायदेशीर मदत मिळेल, हे पाहणं सरकारचं काम आहे.

याशिवाय नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९७९ साली मान्यता दिली. फाशीची शिक्षा असलेल्या देशांनी ती फक्त अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी आणि सक्षम न्यायालयाच्या अंतिम निकालानंतरच द्यावी, असं तो करार सांगतो.

खटला सुरू असताना आरोपीला काय काय मिळतं?

*१. पहिल्या दिवसापासून वकील.* कसाबच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जातं तेव्हाच मॅजिस्ट्रेटने त्याला वकिलाच्या हक्काची माहिती द्यायला हवी. ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, हेही सांगायला हवं. कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. एखाद्या आरोपीचं वकीलपत्र कुणीच घेऊ नये असा ठराव वकील संघटनांनी करणं बेकायदा आहे, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं.

*२. नुसता वकील नाही, तयारीला वेळ मिळालेला वकील.* मध्य प्रदेशातल्या खांडव्याचं एक प्रकरण पाहा. २०१३ साली एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला सरकारी वकील मिळाला आणि त्याच दिवशी आरोपही निश्चित झाले. तेरा दिवसांत खटला संपून फाशी सुनावली गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितलं. ज्या गुन्ह्यात जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते, तिथे आरोपीसाठी नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला साधारण किमान सात दिवस मिळायला हवेत, असा नियम याच निकालाने घालून दिला. पुढे काय झालं? फेरखटल्यात त्याला पुन्हा फाशी झाली, तीही उच्च न्यायालयात रद्द झाली आणि डीएनए पुराव्याची नीट तपासणी झाल्यावर २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. तोपर्यंत अकरा वर्षं गेली होती. 'फास्ट ट्रॅक' हवाच, पण तेरा दिवसांच्या घाईची किंमत इथे अकरा वर्षं झाली.

*३. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही.* "त्याने गुन्हा कबूल केला" ही बातमी आपण रोज वाचतो. पण पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मारहाण करून काहीही वदवून घेता येतं, हे कायदा करणाऱ्यांना ब्रिटिश काळापासून माहीत आहे. मोक्कासारख्या विशेष कायद्यात याला अपवाद आहे. तिथे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब चालतो आणि म्हणूनच त्यावर वादही होतात. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशी दिली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बारा आरोपींची शिक्षा रद्द केली, त्यात कबुलीजबाबांवरचा अविश्वास हे एक मोठं कारण होतं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

*४. साक्षीदारांची उलटतपासणी आणि सगळी कागदपत्रं.* सरकारी पक्षाकडे जे आहे ते आरोपीला मिळालं पाहिजे, मग ते सरकारी पक्षाच्या विरोधात जाणारं का असेना. हा मुद्दा कागदावर रुक्ष वाटतो. पण नाशिकमध्ये सहा माणसांचा जीव यावरच लटकला होता.

नाशिकचे ते सहा जण

जून २००३. नाशिकजवळ शेतात राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. घरातली आई आणि एक मुलगा वाचले. गुन्हा इतका क्रूर होता की, "फाशीच द्या" असं कुणीही म्हटलं असतं.

पोलिसांनी भटक्या समाजातल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे तर या सगळ्यानंतर सिद्ध झालं.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपिलं पुन्हा ऐकली. तेव्हा एक गोष्ट ठळकपणे समोर आली. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या अल्बममधून चार जणांचे फोटो ओळखले होते, आणि ते चौघे या सहा जणांपैकी नव्हतेच! त्या चौघांचा तपास पुढे नेला गेला नाही आणि ही बाब नीटपणे न्यायालयासमोर आणली गेली नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि चुकार अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करायला सांगितलं. तोवर त्यांची सोळा वर्षं गेली होती.

आता एक प्रश्न स्वतःलाच विचारून पाहा. २००९ च्या निकालानंतर लगेच, लोकांच्या मागणीप्रमाणे फाशी दिली गेली असती तर? भरपाईचा धनादेश कुणाच्या हातात दिला असता? आणि त्या आईला तरी न्याय मिळाला का? तिने ज्यांना ओळखलं होतं, त्यांच्यापर्यंत तपास पोहोचलाच नाही. निष्पक्ष तपास आणि निष्पक्ष खटला हे आरोपीचे हक्क म्हणून ओळखले जातात, पण ते मोडले की पीडितांचंही तेवढंच नुकसान होतं.

दोषी ठरला म्हणजे फाशी पक्की का?

नाही. खुनासाठी कायद्यात दोन शिक्षा आहेत, जन्मठेप किंवा फाशी. जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने फाशीची शिक्षा घटनात्मक ठरवली, पण ती 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच द्यायची, अशी अट घातली. जन्मठेप अजिबात पुरेशी नाही, हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. १९८३ मध्ये तर 'अमुक गुन्ह्याला फाशीच' असं सांगणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केलं.

म्हणून दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर वेगळी सुनावणी होते. तिथे फक्त गुन्हा नाही, गुन्हेगारही पाहायचा असतो. त्याचं वय काय, तो कसा वाढला, मानसिक स्थिती कशी आहे, तुरुंगात वागणूक कशी, सुधारण्याची शक्यता आहे का. प्रत्यक्षात ही सुनावणी अनेकदा त्याच दिवशी, काही मिनिटांत उरकली जायची. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, आरोपीचा मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल आणि तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल यांसारखी माहिती खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयासमोर आली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच आधारावर नागपूरच्या एका प्रकरणातली फाशी बाजूला ठेवून शिक्षेची सुनावणी पुन्हा घ्यायचं ठरलं. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळलेला असतानाही. इथे दोषी ठरवणारा निकाल तसाच राहिला, फेरविचार फक्त शिक्षेचा.

फाशी कुणाला देताच येत नाही?

गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षं पूर्ण नसलेल्याला. वयाचा हा मुद्दा कधीही, अगदी शेवटचा निकाल लागल्यानंतरही मांडता येतो. १९९४ च्या पुण्यातल्या सात जणांच्या हत्येच्या प्रकरणात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे त्याच्या शाळेच्या नोंदीवरून मार्च २०२३ मध्ये मान्य झालं. तोवर तो अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता. गरोदर महिलेची फाशी जन्मठेपेत बदलली जाते. फाशी सुनावल्यानंतर गंभीर मानसिक आजार जडला असेल, तर तेही शिक्षा कमी करण्याचं कारण ठरू शकतं.

निकालानंतरच्या पायऱ्या

*उच्च न्यायालय:* सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय देता येत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी प्रकरण आपोआप तिथे जातं आणि किमान दोन न्यायाधीश पुरावा मुळापासून तपासतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण ही तरतूद तशीच आहे.

*सर्वोच्च न्यायालय:* इथे फाशीची प्रकरणं तीन न्यायाधीशांपुढे चालतात. एरवी फेरविचार याचिका न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांच्या युक्तिवादाशिवाय निकाली निघते. फाशीच्या बाबतीत मात्र ती खुल्या न्यायालयात ऐकायची, असं २०१४ मध्ये ठरलं. त्यानंतर क्युरेटिव्ह याचिकेचा मार्ग उरतो.

*दयेचा अर्ज:* राज्यपालांकडे कलम १६१ खाली आणि राष्ट्रपतींकडे कलम ७२ खाली. नव्या संहितेत यासाठी मुदती घालून दिल्या आहेत.

*शेवटचे दिवस:* जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि काही नियम घातले. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला लेखी कळवायचं. त्यानंतर फाशीपर्यंत किमान चौदा दिवस द्यायचे. कुटुंबाला आधी कळवायचं आणि शेवटची भेट होऊ द्यायची. या टप्प्यावरही वकिलाची मदत मिळते.

मग इतकी वर्षं लागतात, त्याचं काय?

पीडितांच्या कुटुंबाने किती वाट पाहायची, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण उशीर नेमका कुठे होतो, तेही पाहायला हवं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. कारण त्यांच्या दयेच्या अर्जावर सरकारी यंत्रणेने जवळपास आठ वर्षं घेतली होती. पुण्यात २००७ साली कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यातल्या दोघांची फाशीही २०१९ मध्ये अशाच विलंबामुळे पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. दोन्ही ठिकाणी दोष सिद्ध होता. वेळ गेला तो बाजू ऐकून घेण्यात नाही, तर फायली पडून राहण्यात.

आणि हाच हक्क आपण पाकिस्तानकडे मागितला

कुलभूषण जाधव आठवतात? सांगलीत जन्मलेले, नौदलाचे माजी अधिकारी. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. भारतीय दूतावासाला त्यांना भेटू दिलं गेलं नाही, वकील देऊ दिला नाही. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. नागपूरचे हरीश साळवे यांनी बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मताने निर्णय दिला. दूतावासाची मदत नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये. सुटकेची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही.

तेव्हा आपल्यापैकी कुणीही "त्यांना वकील कशाला?" असं विचारलं नव्हतं. बंद खोलीतल्या खटल्यावर आपला विश्वास नव्हता आणि ते बरोबरच होतं. कसाबला खुल्या न्यायालयात, वकिलासह, तीन पातळ्यांवर सुनावणी मिळाली, म्हणून त्याच्या निकालावर जगात कुणाला सहज बोट ठेवता आलं नाही.

फाशीच्या कोठडीत असतं कोण?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार ७४ टक्क्यांहून अधिक कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. म्हणजे चारातले साधारण तीन. चांगला वकील, खासगी तज्ज्ञ, साक्षीदारांचा शोध, या सगळ्याला पैसा लागतो. सरकारने दिलेला वकील किती अनुभवी आहे आणि त्याला किती वेळ मिळाला, यावरच अशा माणसाचं जगणं-मरणं ठरतं. नाशिकच्या सहा जणांचंही तसंच झालं.

फाशीची शिक्षा असावी की नसावी, यावर तुमचं मत काहीही असू शकतं. पण ती असावी असं वाटणाऱ्यालाही एवढं मान्य करावं लागेल की, चुकीच्या माणसाला दिलेली फाशी परत घेता येत नाही. कैद झालेल्याला उशिरा का होईना, दार उघडून बाहेर सोडता येतं.

ओळखीतल्या कुणावर अशी वेळ आलीच, तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. आरोपी कोठडीत असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि पुढच्या वेळी एखाद्या पोस्टखाली "वकील कशाला?" अशी कमेंट दिसली, तर नाशिकच्या त्या अल्बममधले चार फोटो आठवा.